घर स्वच्छ म्हणजे नेमकं काय? प्लेगच्या साथीने विचारलेला प्रश्न



या मालेतल्या आजच्या व्याख्यानाचा विषय काहींना जरा चमत्कारिक वाटेल. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने केरवाऱ्यांवर काय बोलायचं? पण आमचा अनुभव असा, की तत्त्वज्ञानाचे अवघड प्रश्न ग्रंथांत असतात त्याहून जास्त मोरीत, माजघरात आणि मागच्या दाराशी असतात. तिथे ते कुणी विचारत नाही, इतकंच.

‘घर स्वच्छ, नीटनेटकं आणि निरोगी असावं’ हे वाक्य आपण एका दमात म्हणून टाकतो. शाळेच्या निबंधात लिहितो, सुनेला सांगतो, मुलांना सांगतो. जणू हे तीन शब्द म्हणजे एकाच वस्तूची तीन नावं आहेत. त्यात आपल्याकडे एक चौथा शब्द न बोलता मिसळलेला असतो, तो म्हणजे ‘शुद्ध’. आज आम्हाला एवढंच दाखवायचं आहे, की या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, काही वेळा त्या एकमेकींच्या विरुद्ध जातात, आणि त्यांची गल्लत झाली की त्याची किंमत माणसांना मोजावी लागते. दाखवण्यासाठी इतिहासातलं एकच प्रकरण घेऊ : 1896 साली मुंबईत आणि 1897 साली पुण्यात आलेला प्लेग. कारण त्या साथीने आपल्या घरांचे उंबरठे ओलांडले आणि प्रत्येक घराला विचारलं, तू स्वच्छ आहेस म्हणजे काय आहेस?

आधी शब्द नीट लावून घेऊ. सोवळ्याचा स्वयंपाक होत असे, त्या घराची कल्पना करा. पहाटे सडासंमार्जन, अंगणात रांगोळी, शेणाने सारवलेली जमीन, धाबळीत स्वयंपाक करणारी बाई. पाण्याचे हंडे वेगळे, ते भरणारे हात ठरलेले. बाहेरून आलेल्या माणसाने आधी पाय धुवायचे, मग आत यायचं. यातल्या कित्येक गोष्टी आरोग्याला उपकारक होत्या, हे नाकारायचं कारण नाही. पाय धुणं चांगलंच, हात धुणं चांगलंच, उष्टं न ठेवणंही चांगलंच. म्हणून पुष्कळ लोक म्हणतात, सोवळं म्हणजे आपल्या पूर्वजांचं आरोग्यशास्त्रच होतं.

इथे आम्ही थोडं थांबायला सांगू. दोन नियमांचा परिणाम कधीकधी सारखा आला म्हणून त्यांचं कारण एक ठरत नाही. सोवळं विचारतं, कोण शिवलं? आरोग्य विचारतं, काय लागलं? पहिला प्रश्न माणसाच्या जन्माबद्दल आहे, दुसरा वस्तूच्या गुणाबद्दल. जिथे दोन्ही उत्तरं जुळतात तिथे फरक दिसत नाही. जुळेनाशी झाली, की मग दिसतो.

तो लख्ख दिसला महाडला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे हजारो सहकारी चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्या तळ्यावर जनावरं पाणी पीत होती, त्याने काही बिघडत नव्हतं. माणसं प्याली तेव्हा तळं बाटलं. मग ‘शुद्धी’ काय केली? शेण, गोमूत्र, दही, दूध यांच्या घागरी मंत्र म्हणत तळ्यात ओतल्या आणि पाणी सवर्णांना पिण्यायोग्य झाल्याचं जाहीर केलं. पिण्याच्या पाण्यात शेण कालवणं हे आरोग्यशास्त्र असू शकत नाही. म्हणजे ‘शुद्ध’ करताना पाणी अस्वच्छ केलं गेलं, आणि करणाऱ्यांना त्यात विसंगती दिसली नाही, कारण त्यांची फूटपट्टीच वेगळी होती.

मेरी डग्लस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी 1966 साली याच विषयावर एक गाजलेलं पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा, की घाण म्हणजे जागा चुकलेली वस्तू. चप्पल स्वतः घाण नसते, ती जेवणाच्या पाटावर ठेवली की घाण होते. केस डोक्यावर शोभतो, आमटीत नाही. प्रत्येक समाज आधी आपली मांडणी ठरवतो, आणि त्या मांडणीत जे बसत नाही त्याला घाण म्हणतो. हे मान्य केलं तर पुढचा प्रश्न आपोआप येतो : जागा ठरवतं कोण? आणि एखाद्या मांडणीत माणसांचीच जागा ‘बाहेर’ ठरवलेली असेल तर?

आता घराकडे येऊ. एकोणिसाव्या शतकातल्या पुण्याच्या वाड्याला दोन तोंडं होती. पुढचं तोंड म्हणजे दिंडी दरवाजा, ओटी, देवघर, तुळशीवृंदावन. मागचं तोंड म्हणजे परसाच्या टोकाचा टोपलीचा संडास आणि त्याच्या मागचा अरुंद बोळ. त्या बोळातून एक माणूस यायचा, टोपली उपसायचा, डोक्यावर घेऊन जायचा. तो घरात कधी येत नसे, घरातले त्याच्याकडे पाहत नसत. मुंबईच्या चाळींत आणि इमारतींत हीच रचना उभी झाली. दोन इमारतींच्या मधे जी चिंचोळी फट ठेवलेली असे तिला आजही महापालिकेच्या भाषेत ‘हाऊस गल्ली’ म्हणतात. संडासाचे नळ तिकडे उतरत, मोऱ्यांचं पाणी तिकडे जाई, वरून केरही तिथेच पडे. साफ करायला येत ते ‘हलालखोर’. म्युनिसिपालिटीच्या कागदांत हाच शब्द आहे. टोपलीचे संडास आमच्या पिढीने लहानपणी वापरले आहेत, त्यामुळे ही काही फार जुनी गोष्ट आहे असं तरुणांनी समजू नये.

तात्पर्य, त्या काळचं घर आपल्या व्याख्येप्रमाणे स्वच्छ होतं. पण ती व्याख्या उंबरठ्यापाशी संपत होती. घाण नाहीशी होत नव्हती, ती फक्त दृष्टीआड जात होती, आणि तिच्याबरोबर एक माणूसही.

अशा शहरात 1896 च्या सप्टेंबरात प्लेग आला. मांडवी बंदराजवळचा भाग म्हणजे धान्याच्या वखारींचा, दाट वस्तीचा. तिथे प्रॅक्टिस करणारे मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी ताप आणि गाठी आलेले रुग्ण पाहिले आणि हा प्लेग आहे असं निदान केलं. सुरुवातीला अनेकांना ते पटलं नाही. पण मग मृत्यूच बोलू लागले. 1891 च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या आठ लाखांच्या वर होती. पुढच्या काही महिन्यांत त्यातले निम्म्याच्या आसपास लोक शहर सोडून गेले. बोटी भरल्या, गाड्या भरल्या, गिरण्या ओस पडल्या. कोकणात, घाटावर, गुजरातेत माणसं गेली आणि काहींच्या बोचक्यांतून साथही गेली.

सरकारने काय केलं? जे ज्ञान हाताशी होतं त्याप्रमाणे केलं. हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सिन यांनी 1894 सालीच प्लेगचा जंतू शोधला होता. पण तो माणसापर्यंत पोचतो कसा, हे कोडं सुटलं नव्हतं. अंमलदारांच्या डोक्यात जुनीच कल्पना पक्की होती, की रोग घाणीत असतो, कोंदट हवेत असतो, ओल्या जमिनीत असतो. म्हणून त्यांनी घरावरच हल्ला चढवला. गटारं समुद्राच्या पाण्यात कार्बॉलिक मिसळून धुतली. घरांच्या जमिनी उकरल्या, ऊन यावं म्हणून कौलं काढली, भिंतींना चुना फासला, पाऱ्याच्या क्षाराचं पाणी फवारलं, अंथरुणं-पांघरुणं जाळली. जी खोली फारच वाईट वाटली तिच्या दारावर ‘यू.एच.एच.’ अशी अक्षरं रंगवली, म्हणजे ही जागा मनुष्यवस्तीला अयोग्य. आणि रोग्याला घरातून उचलून इस्पितळात न्यायचं, हे तर होतंच. लोक भडकले. 29 ऑक्टोबर 1896 रोजी गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या साथीच्या इस्पितळावर हल्ला केला.

या टप्प्यावर एक अशी गोष्ट घडली, जिच्याकडे इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांचं फारसं लक्ष जात नाही. म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी सक्तीचे उपाय सैल केले. का? दंग्याची भीती होतीच. पण त्यांच्या अहवालात आणखी एक भीती नोंदवलेली आहे. हलालखोर आणि सफाईचे मजूर घाबरून शहर सोडून गेले तर मुंबई राहण्यालायक उरणार नाही, अशी. व्यापारी गेले, शहर चाललं. गिरणी कामगार गेले, गिरण्या बंद पडल्या तरी शहर उभं राहिलं. पण टोपली उचलणारा माणूस गेला तर गव्हर्नरपासून गुमास्त्यापर्यंत सगळ्यांना पळ काढावा लागला असता. ज्या माणसाला आपल्या घराच्या व्याख्येत जागाच नव्हती, त्याच्या जोरावर सगळ्या घरांची व्याख्या उभी होती. साथीने हे सत्य कागदावर आणलं. साथ ओसरल्यावर ते पुन्हा फायलीत गेलं.

मग प्लेग पुण्यात आला. 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि अधिकाऱ्यांना घरात शिरायचा अधिकार मिळाला. वॉल्टर चार्ल्स रँड प्लेग कमिटीचे अध्यक्ष झाले आणि मार्चपासून गोरे सोजीर घरोघरी तपासणीला फिरू लागले. पुढचा इतिहास आपल्याला पाठ आहे : बूट घालून देवघरात आणि स्वयंपाकघरात शिरणं, बायकांची उघड्यावर तपासणी, सामानाची होळी, 22 जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी झाडलेल्या गोळ्या, रँड आणि आयर्स्ट यांचे मृत्यू, दामोदर हरींना फाशी, टिळकांवर राजद्रोहाचा खटला आणि दीड वर्षाची शिक्षा. तो अत्याचार होता आणि त्याविरुद्धचा संताप खरा होता, याबद्दल दुमत नको. टिळक स्वतः साथीत पुण्यात थांबले आणि त्यांनी हिंदूंसाठी प्लेगचं इस्पितळ उभं करण्यात पुढाकार घेतला, हेही लक्षात ठेवावं.

पण आपला आजचा प्रश्न घराचा आहे. त्या दृष्टीने पाहिलं तर उंबरठ्यावर दोन कल्पना एकमेकींवर आदळल्या होत्या. सोजिराच्या मते हे घर अंधारं, दमट, म्हणून घाणेरडं. त्यावर उपाय चुना आणि फिनेल. घरमालकाच्या मते घर पवित्रच होतं, ते विटाळलं ते या बुटांनी. एकाने घर ‘सॅनिटरी’ करायचं ठरवलं, दुसऱ्याने घर ‘शुद्ध’ राखायचं ठरवलं. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक होते म्हणा. आणि दोघांच्या पायांमधून उंदीर निवांत जात येत होता.

याच दिवसांत पुण्याबाहेर माळरानावर एक छोटा दवाखाना चालू होता. डॉ. यशवंत फुले तो चालवत होते आणि त्यांच्या आई सावित्रीबाई रोगी आणत होत्या. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतल्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं, असं सांगितलं जातं. त्यांनाही लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. हे त्याच घराण्याचं वर्तन होतं, ज्याने 1868 साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. फुल्यांचं घर त्या काळच्या पुण्याच्या मते बाटलेलं होतं. आम्हाला विचाराल तर त्या शहरातलं सर्वांत स्वच्छ घर कोणतं, या प्रश्नाचं उत्तर देताना त्या हौदापासून सुरुवात करावी लागेल.

बरं, मग रोग येत कुठून होता? कराचीत 1898 साली पॉल-लुई सिमोन या फ्रेंच डॉक्टराने प्रयोग करून दाखवलं, की मेलेल्या उंदराच्या अंगावरची पिसू निरोगी उंदराला प्लेग देते. बरीच वर्षं त्यांचं कुणी मनावर घेतलं नाही. पुढे मुंबईत ग्लेन लिस्टन आणि 1905 पासून परळच्या प्रयोगशाळेत बसलेल्या प्लेग संशोधन मंडळाने हे प्रकरण तडीस नेलं. त्यांची पद्धत फार पाहण्यासारखी आहे. प्लेग झालेल्या खोल्यांत त्यांनी गिनीपिग सोडले. त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा गोळा झाल्या आणि ते मेले. मग जंतुनाशकांनी धुतलेल्या खोल्यांत सोडले. तिथेही मेले. मग पिंजरे टांगून पाहिले. जमिनीपासून दोन इंचांवरच्या पिंजऱ्यातल्या प्राण्यांना लागण झाली, दोन फुटांवरच्या प्राण्यांना झाली नाही, कारण पिसूची उडी तिथपर्यंत पोचत नाही. ज्या पिंजऱ्यात पिसू जाऊ शकत नव्हती तिथले प्राणीही वाचले, हवा आणि जमीन तीच असूनसुद्धा.

याचा अर्थ काय झाला पाहा. चुना फासलेलं, धुतलेलं, झाडलेलं घर प्लेगपासून सुरक्षित नव्हतं. सारवलेलं, सोवळ्यातलं घरही सुरक्षित नव्हतं. भरलेली कणगी, कुडाच्या भिंती, पोकळ आढं आणि जमिनीवर पसरलेली अंथरुणं, एवढं असलं की पिसूला पुरे. स्वच्छता आणि आरोग्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा एवढा स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो.

आणि आणखी एक. खेड्यापाड्यांतल्या लोकांनी प्रयोगशाळेची वाट पाहिली नव्हती. ‘उंदीर पडले’ हा शब्दप्रयोग आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी होता. आढ्यावरून उंदीर टपटप पडायला लागले, की लोक भांडीकुंडी घेऊन गाव सोडत आणि रानात झोपड्या बांधून राहत. शास्त्राला जे 1905 नंतर नीट सिद्ध करता आलं, ते पाहणाऱ्या डोळ्यांना आधीच उमगलं होतं. ग्रंथातली शुद्धी आणि साहेबाचं फिनेल यांच्यापेक्षा हे निरीक्षण श्रेष्ठ ठरलं. तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर प्रत्यक्ष प्रमाणाने शब्दप्रमाणावर मात केली.

साथीनंतर मुंबईत काय झालं? 1898 साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या फोडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले, समुद्राची हवा शहरात खेळावी म्हणून. दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांत आखीव वस्त्या वसवल्या. दादरची पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी ही त्याचीच फळं. ती सुंदर आहेत, झाडं आहेत, वारा आहे. पण ज्यांच्या चाळी पाडल्या ते सगळेच काही या नव्या वसाहतींत आले नाहीत. बरेच लोक शेजारच्या चाळींत जाऊन दाटीवाटीने राहिले. घाण इथून तिथे सरकवायची हीच रीत, फक्त आता शहराच्या मापाने.

पुढे 1920 च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे चाळी बांधल्या. आपण त्यांना बीडीडी चाळी म्हणतो. एक खोली साधारण 160 चौरस फुटांची, संडास सामायिक. या खोल्यांत सात-सात, आठ-आठ माणसं राहिली आणि कित्येकींनी ती खोली आरशासारखी ठेवली. माळ्यावर पाहुण्यांची अंथरुणं, खाटेखाली ट्रंका, भिंतीवरच्या फळीवर उतरत्या क्रमाने लावलेले घासलेले पितळी डबे, मोरीत पिंप, दाराआड चटई. ज्याला आज पैसे देऊन शिकवतात ते घर-व्यवस्थापन या बायकांनी कुणी न शिकवता उभं केलं होतं. टापटीप हा गुण जागेच्या मुबलकतेतून येत नाही, टंचाईतून येतो. पण त्या टापटिपीची किंमतही सांगायला हवी. पहाटे नळाला पाणी यायच्या आधी कोण उठत होतं? रॉकेलच्या स्टोव्हचा, शेगडीचा धूर कुणाच्या छातीत जात होता? गावाकडे तर चूल आणि गोवऱ्या. स्वयंपाकघर सारवलेलं, भांडी लखलखीत, आणि फुंकणीने फुंकून फुंकून बाईचे डोळे लाल. घर स्वच्छ होतं, निरोगी होतं का? कुणासाठी निरोगी?

हा ‘कुणासाठी’ आणि ‘कुणाकडून’ विचारणारे लोक आपल्याकडे झाले, हे आपलं भाग्य. डेबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजे गाडगेबाबा, 1876 साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला जन्मले. त्यांचा क्रम उलटा होता. गावात आल्यावर आधी खराटा हातात घ्यायचा, गाव झाडायचं, आणि मग संध्याकाळी कीर्तन. लोक आपापली अंगणं झाडतच होते. बाबांनी झाडला तो दोन अंगणांमधला रस्ता, जो कुणाचाच नव्हता. आपण लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहतो. ती केरसुणी पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजाने वळली, आणि तिच्यासारखं काम रोज करणाऱ्यांना मात्र आपण दाराबाहेर ठेवलं. बाबांनी वेगळं काही तत्त्वज्ञान मांडलं नाही, पूजेतली वस्तू कामाला लावली.

दुसरं नाव अप्पासाहेब पटवर्धनांचं. रत्नागिरीच्या तुरुंगात 1932 साली त्यांनी मैला साफ करण्याचं काम मागितलं. जातीने ज्यांचं ते काम नव्हे अशा कैद्याला ते द्यायला तुरुंगाने नकार दिला, तेव्हा त्यांनी उपोषण केलं, आणि येरवड्यात गांधीजींनीही त्यांना पाठिंबा म्हणून उपोषण केलं. घाण काम मिळावं म्हणून उपोषण! पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पांनी सोनखताच्या संडासाचे प्रयोग केले. त्यांचं म्हणणं साधं होतं : माणसाला त्या कामातून सोडवायचं असेल तर नुसता उपदेश पुरणार नाही, संडासाची रचना बदलली पाहिजे. तोच विचार कायद्यात उतरायला 1993 साल उजाडलं आणि तो कायदा अपुरा पडला म्हणून 2013 साली दुसरा करावा लागला. आजही गटारात उतरलेल्या माणसांच्या मृत्यूची बातमी आपण वर्तमानपत्रात वाचतो. हाऊस गल्ली जमिनीखाली गेली आहे, एवढाच बदल.

आता शेवटी आपल्या आजच्या घराकडे पाहू. इतिहास सांगून झाला, त्याचा उपयोग काय?

एक, दिसणं आणि असणं यांत फरक करा. प्लेगची जागा आज डेंग्यूने घेतली आहे. त्याचा डास, एडिस इजिप्ती, उकिरड्यावर नाही, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. कुंडीखालची बशी, फ्रिजमागचा ट्रे, कूलर, फुलदाणी, गच्चीवरची झाकण नसलेली टाकी. म्हणजे बंगला जितका शोभिवंत तितकी डासाची सोय जास्त. आठवड्यातून एकदा ही भांडी रिकामी करून घासून कोरडी करणं, हे फरशी दिवसातून दोनदा पुसण्यापेक्षा अधिक मोलाचं आहे. तसंच सुगंधाचं. फिनेलचा वास म्हणजे आरोग्य नव्हे. वाहती हवा, ऊन, कोरडी मोरी, झाकलेलं अन्न, उंदरांना न मिळणारं धान्य, या गोष्टींना वास नसतो, म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं.

दोन, केर घरातून गेला की संपला असं समजू नका. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदी आणि नाले तुंबले, त्याला इतर कारणं होतीच, पण नाल्यांत अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांचाही त्यात हात होता. त्या कुणाच्या तरी स्वच्छ घरातूनच आल्या होत्या. पाण्याबरोबर त्या परत आल्या, आणि मागून लेप्टोचे रुग्ण आले. पुण्यात 1993 साली कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तेव्हापासून त्या बायका आपल्याला एकच गोष्ट सांगत आहेत : ओला वेगळा द्या, सुका वेगळा द्या. सॅनिटरी पॅड, फुटकी काच, सुया निराळ्या गुंडाळून, खूण करून द्या. 2016 च्या नियमांनी तर ते बंधनकारकच केलं. यात आपले दोन मिनिटं जातात. न दिले तर त्यांचा हात कापतो.

तीन, घर निरोगी आहे का हे ठरवताना घरात काम करणाऱ्या प्रत्येकाला त्यात मोजा. कोपऱ्यातल्या अंधाऱ्या ओट्यावर उभ्या असलेल्या बाईला, ती आई असो, सून असो की स्वयंपाकाच्या मावशी. धुणीभांडी करणाऱ्या ताईंना पाणी वेगळ्या पेल्यात आणि लिफ्ट वेगळी, असं आजही काही ठिकाणी चालतं. ‘स्वच्छतेसाठी’ म्हणून चालतं, बरं का. तेव्हा स्वतःला तो जुना प्रश्न विचारावा : आपण इथे काय लागलं ते पाहतोय, की कोण शिवलं ते?

वेळ संपत आला. प्रश्नोत्तरांत आपण आणखी बोलूच. एक गृहपाठ मात्र देऊन ठेवतो, मास्तरकी सुटत नाही म्हणून. आज घरी गेल्यावर पुढच्या दाराने आत जायच्या आधी इमारतीच्या मागे एक चक्कर मारा. जिथे ड्रेनेजचे पाइप उतरतात, जिथे कचऱ्याचे डबे ठेवलेले असतात, जिथे सफाई कामगार बसून डबा खातात, ती जागा पाहा. तिथे सावली आहे का, हात धुवायला नळ आहे का, साबण आहे का, तेही पाहा. नसेल तर सोसायटीच्या पुढच्या सभेत तो विषय मांडा. आपलं घर किती स्वच्छ आहे, ते तिथून कळेल.